तेरा हप्ते

कार्डात केमो बसते.
पलंग बसतो, सलाईन बसतं,
डॉक्टरांच्या राउंडलाही जागा आहे त्यात.
दौलतगंजहून मांढरे मातेच्या टेकडीपर्यंतचा टेंपो बसत नाही.
बाहेरच्या लॅबमधली तपासणी बसत नाही.
जिभेवर फक्त मोसंबी टिकते,
तर मोसंबी बसत नाही.

विश्रामने प्रेसमधून दोनदा उचल घेतली.
तिसऱ्यांदा मालक मानच वर करेनात,
लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत राहिले
एकाच ओळीवर बोट ठेवून:
आमचे येथे श्रीकृपेकरून.

मग पाटल्या सराफ्यात नेल्या.
काट्यावरचा मुलगा म्हणाला, आंटी, घिस गई हैं.
मी पहिल्यांदा रडले ती यावर,
गाठीवर नाही.
अठ्ठावीस वर्षं कणीक मळली मी या हातांनी.
किती सोनं गेलं असेल
पोळ्यांमधून आमच्याच पोटात.

आमची भिशी सोळा जणींची.
शहर तिला बीसी म्हणतं, पैसे तेवढेच,
महिन्याला दोन हजार.
मे आणि जूनचे मी शेजारणीबरोबर पाठवले,
पाहुणे आहेत म्हणून कळवलं.
जुलैत गेले. डोक्याला रुमाल बांधून.

रेवा फाळकेच्या बैठकीत
सगळ्या जणी साबुदाणावड्यांकडे बघत होत्या,
इतक्या मन लावून, जणू वडे आत्ता काही बोलतील.
एकट्या गुड्डी सक्सेनाने विचारलं,
बाल गए?
गए.
आ जाएँगे. चटनी दूँ?
आणि मला कित्येक आठवड्यांनी
तिखट खावंसं वाटलं.

चिठ्ठ्यांचा डबा प्रमिला खानवलकरांकडे असतो.
बँकेत हेड कॅशियर होत्या,
अजूनही नोटा मोजताना ओठ हलू देत नाहीत.
त्यांनी डबा हलवला नाही. झाकणसुद्धा काढलं नाही.
म्हणाल्या, या वेळची कुमुदला.
कुणी हरकत घेतली नाही.
मी पदर नीट केला, तो नीटच होता.

तेवढ्यात आंग्र्यांची धाकटी सून,
मऊ मनाची, डोळे भरलेले,
म्हणाली, पुढचे हप्ते नकोच घ्यायला ताईंकडून,
माफ करून टाकू या ना आपण.

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.
ती चांगलंच बोलली होती.
ते चांगलं सगळ्यांच्या अंगावर
थंड पाण्यासारखं आलं.

प्रमिलाताईंनी चष्म्यावरून पाहिलं.
माफ कशाला?
ती काय कुठे जातेय?

मग वही उघडली, पट्टी घेतली,
माझ्या नावापुढे चौकोन आखायला लागल्या.
या ऑगस्टपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत, तेरा.
दुसरा शनिवार. चुकलीस तर शंभर दंड,
सगळ्यांना आहे तोच.
डॉक्टर मला पुढच्या सायकलच्या पलीकडचं
काहीच सांगत नाहीत.
ते बघू म्हणतात.
या बाईने मला पुढचा ऑगस्ट सांगितला,
पट्टी न हलू देता.

बत्तीस हजार. एका नोटेला डांबरगोळ्यांचा वास होता,
कुणाच्या तरी साडीच्या घडीतली.
विश्रामने त्या रात्री दोनदा मोजले
आणि अपराध्यासारखं विचारलं,
फेडायचे कसे?
मी म्हटलं, महिन्याला दोन हजार.
त्याला ते उत्तर वाटलं नाही.
नंतर मला उलटी झाली, त्याने बादली धरली,
आम्ही दोघं बादलीवर वाकून
मोसंबीच्या भावाबद्दल बोललो.

सोमवारी टेकडीवर जाताना
टेंपोवाल्याने वीस मागितले.
मी खाली उतरले. पंधरा म्हटलं.
अम्मा, अस्पताल जा रही हो, पाँच रुपये के लिए?

हो बाबा, पाचांसाठी.
हप्ता भरायचा आहे.